अठ्ठावीस सेंटिमीटरचा संशय

मित्रांनो, मी एक जुनी मापपट्टी आहे. धक्क्याच्या शेवटच्या लाकडी खांबाला, अर्धी पाण्यात आणि अर्धी पाण्याबाहेर, अशी मी बत्तीस वर्षं उभी आहे. समुद्र किती चढला आणि किती उतरला, हे माझ्या अंगावरच्या आकड्यांवरून वाचतात. इतर वस्तू आपली कहाणी सांगायला लागल्या की लाडात येऊन 'मला ओळखलंत का?' असं विचारतात. मी विचारणार नाही. तुम्ही 'हो' म्हणालात तरी माझा विश्वास बसायचा नाही. माझा स्वभावच संशयी आहे. तो असा का झाला हे ऐकलंत, तर तुम्ही मला फारसा दोष देणार नाही.

माझा जन्म एका मोडीत निघालेल्या बोटीच्या फळीतून झाला. सुताराने मला रंधा मारला, रंगाऱ्याने पांढरा हात देऊन त्यावर काळे आकडे काढले. रंगारी घाईत होता, त्यामुळे माझा प्रत्येक सहा पोट सुटल्यासारखा दिसतो. मग सुताराने मला खांबावर ठोकलं. चार स्क्रू बसवायचे होते, त्याने तीनच बसवले. चौथा त्याने खिशात टाकला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. जगात पाऊल ठेवल्याच्या पहिल्याच दिवशी ज्याच्या वाट्याचा स्क्रू चोरीला जातो, त्याने कुणावर आणि कसा विश्वास ठेवावा?

त्याच आठवड्यात मोजणीकाका नोकरीला लागले. तेव्हा त्यांना कुणी काका म्हणत नव्हतं. काडीसारखा बारीक माणूस, डोक्यावर केसांचं जंगल. त्यांचं काम एकच, दिवसाउजेडी येणारी भरती आणि ओहोटी माझ्यावर वाचायची आणि वहीत लिहायची. त्यांची पद्धत ठरलेली होती. धक्क्याच्या पायरीवर गुडघा टेकायचा, एक डोळा मिटायचा आणि सात लाटा जाऊ द्यायच्या. सातांपैकी सगळ्यात उंच आणि सगळ्यात खालची लाट धरून मधला आकडा काढायचा. तो आकडा मोठ्याने दोनदा म्हणायचा आणि मगच लिहायचा. बोटवाले हसायचे. काका म्हणायचे, "एकदा समुद्राने ऐकावा म्हणून आणि एकदा वहीने. उद्या दोघांपैकी कुणी नाही म्हणायला नको."

मला हा माणूस आवडला होता. पण आवडणं वेगळं आणि विश्वास ठेवणं वेगळं.

दर वर्षाच्या पहिल्या दिवशी काका माझी परीक्षा घ्यायचे. गवंडी वापरतात तशी पाण्याने भरलेली लांब पारदर्शक नळी ते आणायचे. नळीचं एक टोक माझ्याशी धरायचे, दुसरं टोक बंदराच्या कचेरीच्या दगडी पायरीशी शिपाई धरायचा. दोन्हीकडे पाणी एकाच उंचीला थांबतं, म्हणून पायरीपासून मी किती खाली आहे हे बरोबर कळायचं. मी खांबावरून सरकले असते, तर लगेच पकडली गेले असते. पण मी कधीच सरकले नाही. काका ओरडायचे, "केसाचाही फरक नाही!" आणि वहीत लिहायचे, 'शून्य तपासले. बरोबर.' अशी एकतीस वर्षं त्यांनी लिहिली. मित्रांनो, हे वाक्य नीट ध्यानात ठेवा. सगळा घोळ इथेच होता आणि तो माझ्यासारख्या संशयी पट्टीच्याही लक्षात आला नाही.

ते माझे सुखाचे दिवस होते. माल भरण्याआधी बोटवाले मला विचारल्याशिवाय हलत नसत. शाळेची मुलं येऊन मला बघून जायची. एका म्हाताऱ्या खलाशाने तर माझ्या डोक्यावर थाप मारून म्हटलं होतं, "या गावात खरं बोलणारी ही एकटीच." दर शनिवारी काका तारेचा ब्रश घेऊन माझ्या अंगावरचं शेवाळ आणि चिकटलेल्या शिंपल्या खरवडून काढायचे. मला गुदगुल्या व्हायच्या, पण मी आकडा हलू दिला नाही.

दरम्यान गाव वाढलं. धक्क्यामागे बर्फाचा कारखाना आला, कारण मासळीला बर्फ लागतो. मग लाँड्र्या आल्या, खानावळी आल्या, नवी घरं आली. नळाला पाणी दिवसातून दोनच तास यायचं. मग काय, ज्याने त्याने आपापल्या अंगणात बोअर मारली. खोदाईची मशीन अशी घरघरायची की माझे तीनही स्क्रू कुरकुरायचे. पण खालून पाणी आलं ते गार आणि गोड. लोक खूश झाले. मोजणीकाकांनीही घरामागे बोअर मारली. त्यांचं घर गल्लीतलं पहिलं, त्याच्या स्वयंपाकघराचं मागचं दार थेट धक्क्याकडे उघडतं. काकूंनी पहिल्या दिवशी दारात उभं राहून बादलीभर पाणी नुसतं उधळलं होतं, इतका आनंद. "जमिनीखालचं पाणी, कुणाच्या बापाचं थोडंच आहे?" असं जो तो म्हणायचा. मला ते वाक्य खटकलं होतं. पण माझं तोंड समुद्राकडे. मी पाठीमागे कशाला बघते?

मग पाणी चढायला लागलं.

एकदम नाही. एकदम चढलं असतं तर कुणीही ओळखलं असतं. भरती पूर्वी माझ्या ज्या आकड्यावर थांबायची, त्याच्यापेक्षा बोटभर वर थांबायला लागली. काही वर्षांनी आणखी बोटभर. धक्क्याच्या खालच्या दोन पायऱ्या भरतीतही दिसायच्या, त्यातली एक गेली, मग दुसरीही गेली. मोठ्या उधाणाला काकूंच्या स्वयंपाकघरात पाणी यायला लागलं. ते दारातून यायचं नाही, मोरीच्या जाळीतून गुपचूप वर यायचं.

आता संशयाचा बाजार भरला. काकूंचा संशय गवंड्यावर, "मेल्याने मोरीचा उतार उलटा दिलाय." शेजारच्या लाँड्रीवाल्या मावशींचा संशय नगरपालिकेच्या गटारावर. बोटवाल्यांचा संशय पलीकडच्या नव्या धक्क्यावर. माझा संशय अर्थातच समुद्रावर. दिवसातून दोनदा जो तोंड फिरवतो, त्याचा काय भरवसा? शिवाय समुद्र फुगतोय हे खोटं नव्हतं. साऱ्या जगाच्या धुराड्यांनी हवा तापवली, हवेने पाणी तापवलं, आणि तापलेल्या पाण्याला जागा जास्त लागते. दूरचा बर्फही वितळून त्यातच येऊन पडतोय. हे मी ऐकून होते, त्यामुळे माझं मत पक्कं झालं. चोर सापडला की माणूस शोध थांबवतो. मीही थांबवला.

तेवढ्यात बंदराला नवे साहेब आले. साहेब वाईट नव्हते, पण हिशेबी नजरेचे होते. त्यांनी शेजारच्या बंदराचा कागद मागवला आणि एका सकाळी तो घेऊन धक्क्यावर आले. काका गुडघ्यावर बसून पाचवी लाट मोजत होते.

"काका, समुद्र एकच आहे ना हो?" साहेबांनी विचारलं.

"एकच आहे साहेब."

"मग एकतीस वर्षांत शेजारच्या बंदरात पाणी सहा सेंटिमीटर चढलं आणि तुमच्या वहीत अठ्ठावीस, हे कसं? की पाण्याचा तुमच्या गल्लीवर विशेष जीव आहे?"

काकांची लाटांची मोजणी चुकली. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच.

साहेबांनी मग मनातलं सगळं बोलून दाखवलं. काका राहतात त्याच गल्लीत पाणी शिरतं. त्याच गल्लीने समुद्राकाठी भिंत मागितली आहे. आकडा मोठा असला की भिंत लवकर मिळते. मग आकडा मोठा कुणी केला असेल? महिनाअखेरीला इथेच, सगळ्यांसमोर चौकशी होईल, असं सांगून ते गेले. वही खोटी ठरली तर काकांच्या एकतीस वह्या रद्दीत जाणार होत्या. आणि निवृत्तीला तीन महिने उरलेले असताना काका खोट्या नोंदी करणारा माणूस म्हणून घरी जाणार होते.

मित्रांनो, त्या दिवशी काकांनी आकडा दोनदा म्हटला नाही. एकदाच म्हटला, तोही पुटपुटत. मग माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत काय होतं हे मी ओळखलं, कारण तो माझाच धंदा आहे. त्यांना माझा संशय आला होता. ते घरून पेचकस घेऊन आले आणि माझे तीनही स्क्रू पिळून बघितले. घट्ट होते. नळी आणून पायरीशी जुळवून बघितलं. जुळलं.

"मग चुकतंय कोण?" ते म्हणाले. "कुठेतरी पाणी मुरतंय."

मला फार वाईट वाटलं. एकतीस वर्षं ज्याच्या ब्रशाने अंग घासून घेतलं, त्याने माझे स्क्रू तपासावेत! पण मग मनात आलं, मी तरी काय वेगळं करते?

काकांचा मेहुणा, म्हणजे काकूंचा धाकटा भाऊ, बर्फाच्या कारखान्यात पंप चालवायचा. चाळिशी उलटली तरी तोंडाला कुलूप नाही, अशातला. दुपारी डबा घेऊन तो धक्क्यावर यायचा आणि मेहुणे-भाऊजी पायरीवर बसून जेवायचे. त्या दिवशी काका घास नुसता चिवडत होते. त्यांना हसवावं म्हणून मेहुण्याने कारखान्याच्या गोष्टी काढल्या.

"भाऊजी, आमच्या कारखान्यात लोखंड वाढतं, माहितीय?"

"हं."

"खरंच. आमच्या खोल बोअरचा पाईप आहे ना, त्याच्या डोक्यावर चाक आहे, पाणी बंद-चालू करायचं. मी लागलो तेव्हा ते माझ्या छातीपर्यंत होतं. आता हनुवटीला लागतं. मी विटांची पायरी केली होती, परवा तिच्यावर आणखी एक वीट चढवली. मालक म्हणतात, तूच म्हातारपणी खचत चाललायस."

"मेहुणेबुवा, तुम्ही थापा मारायचे कधी थांबणार?"

"थापा नाहीत हो. पाईपला खाली एक जाड लोखंडी कडं आहे. बसवला तेव्हा ते कडं सिमेंटच्या ओट्यावर टेकलेलं होतं, ओट्यावर त्याचा गंजाचा गोल डाग अजून आहे. आता कडं वर आणि डाग खाली. मध्ये मांजर बसतं. शिवाय हल्ली बर्फही खारट लागतो. एकंदरीत कारखान्याला कुणीतरी करणी केलीय बघा."

काकांचा हात डब्यात तसाच राहिला. त्यांच्या कपाळावरची शीर हलताना मला दिसत होती.

"तो पाईप किती खोल आहे?"

"अगदी कातळाला टेकलाय. खोदणारे म्हणाले होते, आता खाली दगडच आहे, पाईप तसूभर हलायचा नाही."

"मेहुणे," काका हळूच म्हणाले, "पाईप हललेला नाही."

डबा तसाच टाकून दोघं उठले. नळी, फूटपट्टी आणि खडू घेऊन कारखान्याकडे पळाले. काका पळताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. परत आले तेव्हा दोघांच्याही तोंडाचा रंग उडालेला होता. पायरीवर मटकन बसून काकांनी समोर उभ्या असलेल्या काकूंना सांगितलं ते मी शब्द न् शब्द ऐकलं.

कडं आणि ओटा यांच्यात बावीस सेंटिमीटरची फट होती. शेजारच्या बंदराचे सहा आणि हे बावीस मिळून अठ्ठावीस. पाईप कातळावर उभा आहे, म्हणून तो जागच्या जागी राहिला. त्याच्याभोवतीचा ओटा, कारखाना, गल्ली, धक्का, खांब आणि मी, असे आम्ही सगळेच्या सगळे बावीस सेंटिमीटर खाली गेलो होतो. जमिनीच्या पोटात मातीचे थर असतात. त्या मातीच्या कणाकणात पाणी भरलेलं असतं आणि ते पाणीच तिला फुगवून धरतं. गावाने वर्षानुवर्षं रात्रंदिवस ते पाणी उपसलं. माती दबली आणि गाव बसलं. रिकाम्या झालेल्या जागेत मग समुद्र हळूहळू आतूनही शिरला, म्हणून बर्फ खारट.

"पण तुम्ही तर दर वर्षी तपासत होता ना?" काकूंनी विचारलं.

"कचेरीच्या पायरीशी तपासत होतो. ती पायरीही बसत होती. दोघी एकदमच खाली चालल्या होत्या, मग फरक कसा दिसणार?" काकांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. "एकतीस वर्षं मी 'बरोबर, बरोबर' लिहीत बसलो."

काकू म्हणाल्या, "आणि मी जन्मभर तुम्हाला सांगत आले, अहो, पाय जमिनीवर असू द्या. जमीनच निघाली होती खाली, तर माझं तरी कसं चुकलं म्हणायचं!"

तिघंही हसले, पण ते हसणं फार टिकलं नाही. काकांची नजर त्यांच्या स्वत:च्या अंगणातल्या बोअरकडे गेली होती. आणि माझ्या पायाखालची वाळू सरकली, हे मी शब्दशः सांगते. ज्या समुद्राला मी एकतीस वर्षं शिव्या दिल्या, त्याचा गुन्हा सहा सेंटिमीटरचा होता. बावीस सेंटिमीटर माझ्या पाठीमागे घडत होते आणि मी मान वळवून बघितलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आता काकांची सुटका झाली असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. पण ही बातमी कारखान्याच्या मालकांपर्यंत पोचली आणि दुसऱ्याच दिवशी ते काकांना भेटायला धक्क्यावर आले. माझ्याच खांबाला टेकून उभे राहिले. माणूस गोड बोलायला लागला की माझ्या अंगावर काटा येतो.

"काका, कशाला इतकी डोकेफोड? ही पट्टी बघा, हिला एक स्क्रूच नाहीये. सैल झाली, खाली सरकली, म्हणून आकडा मोठा आला, एवढं लिहून द्या. साहेबही समाधानी होतील. तुमच्यावर ठपका नाही. आपण तुमचा सत्कार करू, नवी कोरी पट्टी बसवू. बोअर बंद झाल्या तर कारखाना चालायचा कसा? तुमच्या मेहुण्याने काय करायचं? गल्लीतल्या बायकांनी पाणी कुठून आणायचं? एका लाकडाच्या फळीसाठी तुम्ही गाव वेठीला धरणार?"

काका म्हणाले, "विचार करतो."

झालं! ज्या माणसाला नाही म्हणायचं असतं तो 'विचार करतो' असं म्हणत नाही, ही माझी पक्की खात्री. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्यासी म्हणजे मी. पुढचे चार दिवस मेहुणा धक्क्यावर फिरकला नाही. नोकरी कुणाला नको असते? पाचव्या दिवशी, चौकशीच्या आदल्या संध्याकाळी, काका हातात पिशवी घेऊन एकटेच आले. पिशवीत लोखंड खणखणत होतं. मी मनाशी म्हटलं, आले स्क्रू सैल करायला. उद्या सगळ्यांसमोर मला हलवून दाखवणार, 'बघा, सरकते!'

काकांनी पिशवीतून तारेचा ब्रश काढला. तो दिवस शनिवार नव्हता. तरी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत घासलं, शेवाळ काढलं, शिंपल्या काढल्या आणि ओल्या फडक्याने एकेक आकडा पुसला. माझे पोट सुटलेले सहासुद्धा लख्ख दिसायला लागले. मग म्हणाले, "उद्या लांबूनही वाचता आली पाहिजेस."

मित्रांनो, मला लाज वाटली. लाकडाला लाज वाटते की नाही हे तुम्ही ठरवा. मला वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खी गल्ली धक्क्यावर लोटली. साहेब खुर्चीवर बसले, मालक त्यांच्या शेजारी. साहेबांनी विचारलं, "काका, वही खोटी की पट्टी खोटी?"

काका पायरीवर उभे राहिले.

"साहेब, पट्टी खरी आणि वहीतला प्रत्येक आकडाही खरा. पट्टी सरकली असती तर कचेरीच्या पायरीशी जुळली नसती. ती जुळते, कारण पायरीही तिच्याबरोबर खाली गेली. पाणी वर आलंय ते थोडं. आपण खाली गेलोय ते जास्त, कारखान्याच्या कातळावर टेकलेल्या पाईपचं कडं ओट्यापासून बावीस सेंटिमीटर वर दिसतंय. चूक माझी आहे. मी एकतीस वर्षं बुडणाऱ्या पट्टीला बुडणाऱ्या पायरीशी ताडून बघत होतो. आणि बुडवणाऱ्यांत मीही आहे, माझ्याही अंगणात बोअर आहे."

मालक उठले. "पाईपचं कडं तर कुणीही वर ओढू शकतं! यांचा मेहुणाच तिथे कामाला आहे."

सगळ्या माना गर्दीच्या मागच्या बाजूला वळल्या. तिथे मेहुणा उभा होता. आता हा कानावर हात ठेवणार, असं मला वाटलं. सवय जात नाही.

मेहुणा म्हणाला, "मालक, तो पाईप मी एकट्याने उपसला असता, तर तुमच्याकडे पंप चालवला असता का? सर्कशीत नसतो गेलो?" गर्दी हसली. तो हसला नाही. "मी चार दिवस घरी बसून विचार करत होतो, खोटं सांगता येईल का. नाही आलं. कडं कुणी ओढलेलं नाही. मी रोज त्या चाकाला हात लावतो. माझं काम गेलं तरी चालेल, पण माझ्या ताईच्या स्वयंपाकघरात मोरीतून समुद्र येतो, आणि तो वर आणायला मीच रोज सकाळी चाक फिरवतो, हे कळल्यावर मला जेवण जात नाही."

साहेब उठले आणि कारखान्यात जाऊन त्यांनी स्वत: फट मोजली. बावीस. परत येऊन त्यांनी वहीवर सही केली आणि सगळ्यांसमोर काकांची माफी मागितली. काकांचं नाव स्वच्छ झालं. पण टाळ्या वाजल्या नाहीत. कारण साहेबांनी पुढचं वाक्य उच्चारलं, ते म्हणजे धक्क्याजवळच्या सगळ्या बोअर हळूहळू बंद कराव्या लागतील. सुरुवात कारखान्याच्या खोल बोअरपासून, कारखान्याला गावाच्या वरच्या अंगाच्या तलावातून पाइपलाइन येईल.

लाँड्रीवाल्या मावशी कडाडल्या, "वा रे वा! यांचं नाव वाचलं आणि आमचा धंदा बुडला. नळाला दोन तास पाणी येतं, त्यात मी गावाचे कपडे धुवायचे की माझं तोंड?" आणि त्या तरातरा निघून गेल्या. गल्लीनेही मान फिरवली. काल जे काकांना खोटारडे म्हणत होते, ते आज त्यांच्या खरेपणावर चिडले होते.

दुसऱ्या दिवशी काकांनी स्वत:ची बोअर बुजवून घेतली. कुणी बघायलाही आलं नाही. त्या दिवसापासून काकू दोन तास नळापुढे रांगेत उभ्या राहायच्या आणि रांगेत त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. पाच महिन्यांनी पाइपलाइन आली, कारखान्याचं चाक बंद झालं आणि मालकांनी मेहुण्याला पाइपलाइनच्या पंपावर ठेवलं. काका निवृत्त झाले, तरी सवयीने रोज येऊन माझा आकडा वाचत राहिले.

वर्ष उलटलं. मोठ्या उधाणाचा दिवस होता, भर दुपारची वेळ. पाणी चढत चढत माझ्या वरच्या आकड्यांपर्यंत आलं आणि काकूंच्या मोरीतून वर आलंच. एकदा बसलेली जमीन परत वर येत नाही, मित्रांनो. उपसा थांबवला तर ती फक्त आणखी बसायची थांबते. खरं बोलल्याबद्दल समुद्राने काकांना काही सूट दिली नाही. ते आणि काकू मागच्या दारात बसून बादल्यांनी पाणी बाहेर टाकत होते.

तेवढ्यात लाँड्रीवाल्या मावशी आल्या. वर्षभर त्यांनी या दारात पाऊल टाकलं नव्हतं. हातात त्यांचं मोठं घमेलं होतं. काही न बोलता त्या पाण्यात उतरल्या आणि उपसायला लागल्या. घरातलं पाणी अर्ध्यावर आल्यावर कंबर सरळ करत त्या काकांकडे न बघताच म्हणाल्या, "आता पाणी माझ्या इस्त्रीच्या टेबलापर्यंत येतं. यंदाचा आकडा काय म्हणतो?"

काका उठून धक्क्यावर आले. पायरी पाण्याखाली होती, तरी पाण्यातच गुडघा टेकून त्यांनी सात लाटा जाऊ दिल्या. आकडा दोनदा मोठ्याने म्हटला. मग दाराकडे वळून म्हणाले, "यंदा आपला आणि शेजारच्या बंदराचा फरक फारसा वाढलेला नाही. अगदी थोडा वाढलाय, पण गेल्या वर्षापेक्षा कमी."

मावशींनी घमेलं उचललं, पाणी बाहेर फेकलं आणि विचारलं, "तुमची बोअर कुणी बुजवली होती? त्याला उद्या माझ्याकडे पाठवा."

मित्रांनो, ही माझी कहाणी. मी सगळ्यांचा संशय घेतला, सुताराचा, समुद्राचा, मेहुण्याचा आणि काकांचासुद्धा, आणि बहुतेक वेळा चुकीचा घेतला. तरी मी तुम्हाला 'संशय घेऊ नका' असं सांगणार नाही. जरूर घ्या, पण त्याची सुरुवात स्वत: जिथे उभे आहात तिथून करा. आपण वापरतो ते पाणी कुठून येतं आणि ते काढल्यावर तिथे काय उरतं, एवढं एकदा घरी विचारा. मोठी माणसं 'ते तसंच असतं' म्हणाली, तर त्यांचं ऐकू नका. फूटपट्टी घेऊन जा आणि स्वत: मोजा.